उपग्रहाला फक्त शेतकऱ्याचेच शेत दिसते काय?



पंजाब-हरियाणात शेतकऱ्याने भाताचे काड पेटवले, की उपग्रह ती आग टिपतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याचा दंड दुप्पट केला. दोन एकरांच्या आत ५,००० रुपये, पाच एकरांपर्यंत १०,००० आणि त्यावर ३०,०००! शेतकऱ्याचा गुन्हा यंत्राने पकडायचा, हे ठरले.

आता कंपन्यांकडे पाहा. २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो. पाणी किती उपसले, धूर किती सोडला, सांडपाण्याचे काय केले, सगळे त्यात. पण आकडे कंपनीचे. तपासनीस असलाच, तर तोही कंपनीने नेमलेला. मुखपृष्ठावर हिरवे पान छापले की झाले! याला ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत हिरवा मुलामा.

हा मुलामा खरवडायला यंत्र नाही, असे कोणी सांगू नये. २०२२ साली युरोपातल्या संशोधकांनी ‘क्लायमेटबर्ट’ या संगणक-प्रणालीकडून हवामानाविषयी वचने देणाऱ्या कंपन्यांचे अहवाल वाचून घेतले. निष्कर्ष निघाला : बहुतेक पोकळ बडबड, महत्त्वाचे टाळून सोयीचे तेवढे सांगितलेले.

शब्दांचा पोकळपणा असा सापडतो. आकड्यांचा खोटेपणा पकडायला मात्र आकडा दुसऱ्या आकड्याशी भिडवावा लागतो. तीही सोय आहे. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना धूर आणि सांडपाणी यांची सतत नोंद करणारी यंत्रे बसवण्याचा हुकूम दिला. साखर कारखाने आणि डिस्टिलरी त्यात आहेत. मीटरमध्येही लबाडी होते, हे आपण जाणतो. मग वर सेंटिनेल-२ उपग्रह आहेच. त्याची चित्रे फुकट मिळतात. ‘आम्ही वनराई लावली’ म्हणणाऱ्याच्या जागेवर झाडे आहेत की माळ, ते त्यात दिसते.

नदीचे पाणी काळे पडले की आपण अर्ज देतो. साहेब येईपर्यंत ते पाणी वाहून गेलेले असते. मीटरची नोंद वाहून जात नाही. ती उघडी करायची सरकारला हिंमत हवी.

शेतकरी चळवळीने तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले आहे. यंत्राला आपला विरोध नाही. एकाच बाजूला वळवलेल्या यंत्राला आहे. म्हणून या बैठकीत ठराव करा :

१. प्रत्येक कारखान्याची मीटरची नोंद रोजच्या रोज, मराठीत, गावाला खुली करा.

२. अहवाल, मीटर आणि उपग्रहचित्र यांचा संगणकाने मेळ घाला. मेळ बसला नाही, तर कंपनीला नोटीस द्या.

३. सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, म्हणून त्यांना हा अहवाल नाही. त्यांनाही तोच नियम लावा. मग चेअरमन कोणत्याही पक्षाचा असो!

शेतकऱ्याला जो न्याय, तोच कारखानदाराला!