आवाज मोजणार कोण?

'कॉल ड्रॉप'चा विषय संसदेत निघाला, की राजधानीत बैठकांना ऊत येतो; अधिवेशन संपताच तो विरतो. संभाषणाचा दर्जा कोणी आणि कसा मोजायचा, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ('ट्राय') ऑक्टोबर २०१५ मध्ये तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे १ रुपया, दिवसाला कमाल ३ रुपये, अशा भरपाईचा नियम केला. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. कॉल तुटण्यास ग्राहकाकडील कारणेही असू शकतात. ती वेगळी न काढता सरसकट भरपाई लादणे न्यायालयाला मनमानी वाटले. दोष कोणाचा हे दाखवणारे मोजमाप नसेल, तर ग्राहकाचा हक्क न्यायालयात टिकत नाही, हाच त्याचा अर्थ.

असे मोजमाप अशक्य नाही. एक यंत्र दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राला आपोआप फोन लावते, ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकवते. पलीकडे पोहोचलेला आवाज मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून संगणक साधारण १ ते ५ या श्रेणीत गुण देतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने यासाठीची एक पद्धत २००१ मध्येच प्रमाणित केली. दोन्ही टोकांची यंत्रे तपासलेली असल्याने ग्राहकाच्या हँडसेटवर खापर फोडण्याची सोय उरत नाही.

'ट्राय' वाहनांतून चाचण्या घेऊन अहवाल प्रसिद्ध करते, हे स्वागतार्हच. परंतु ठरावीक रस्त्यांवरून फिरलेले वाहन त्या रस्त्यांचे आणि त्या दिवसांचेच सत्य सांगते. १ ऑक्टोबर २०२४ पासून निकष कडक झाले, तरी नियमित आकडेवारीची भिस्त प्रामुख्याने कंपन्यांच्याच अहवालांवर आहे. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासण्याचा हा प्रकार होय.

जिल्हा रुग्णालये, पोलीस ठाणी, ग्रामपंचायती येथे कायमस्वरूपी चाचणी यंत्रे बसवून अहोरात्र कॉल लावावेत. नियंत्रण स्वतंत्र यंत्रणेकडे असावे. खर्चाचा आक्षेप येईल. परंतु रुग्णवाहिका बोलावताना पत्ता ऐकू न जाण्याची किंमत त्याहून मोठी आहे. 'ट्राय'चा वार्षिक अहवाल संसदेपुढे मांडला जातोच. त्यात जिल्हावार गुण दिल्यास खासदारांना मंत्र्यांना नेमका जाब विचारता येईल.

दूरसंचार कायदा डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाला, तेव्हा दोन्ही सभागृहांचे मिळून शंभराहून अधिक विरोधी सदस्य निलंबित होते. तेव्हा राहून गेलेली चर्चा निदान या प्रश्नावर तरी व्हावी.