भस्मासुराचे रूपक आणि आरंभीच्या विज्ञानकादंबरीतील खल वैज्ञानिक

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) या कादंबरीचा उल्लेख निघाला की मराठी समीक्षेत आणि वर्गाध्यापनातही भस्मासुराचे रूपक हटकून पुढे येते. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः हे रूपक कादंबरीच्या नैतिक रचनेला उलटे करते. भस्मासुराच्या कथेत वर देणारा भोळा आहे आणि कृतघ्न आहे तो वर घेणारा. शेलीच्या कादंबरीत अपराधाचा पहिला वाटा निर्मात्याचा आहे. डोळे उघडणाऱ्या जीवाकडे पाहताच व्हिक्टर किळसून पळून जातो. पुढे तो जीव भाषा शिकतो, मिल्टन वाचतो आणि एका सोबतिणीची मागणी करतो. असा भस्मासुर कोणत्या पुराणात सापडेल?

व्हिक्टरला खल ठरवायचे झाल्यास त्याचे खलत्व नेमके कशात शोधायचे, हा या ठिकाणी खरा प्रश्न आहे. त्याने मृत देहांत प्राण ओतले म्हणून तो दोषी, हे प्रचलित उत्तर. कादंबरीतील सर्वांत भयंकर प्रसंग मात्र प्रयोगशाळेबाहेर, न्यायालयात घडतो. धाकट्या भावाच्या खुनाचा आरोप जस्टिन या निरपराध दासीवर येतो. खुनी कोण याविषयी व्हिक्टरच्या मनात शंका नसते. तरीही लोक आपल्याला वेडा समजतील या भयाने तो गप्प राहतो आणि जस्टिन फासावर जाते. हे मौन आकस्मिक नव्हे. ज्याने इंगोलश्टाटला महिनोन् महिने दार लावून काम केले, गुरूंना वा मित्राला त्याची वार्ताही लागू दिली नाही, त्याच्या कार्यपद्धतीचीच ही परिणती आहे.

प्रचलित वाचनाला स्वतः लेखिकेनेही बळ दिले आहे, हे मान्य केले पाहिजे. १८३१ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत ईश्वरी निर्मितीचे अनुकरण करू पाहणाऱ्या मानवी उद्धटपणाचा सूर स्पष्ट आहे. त्याआधी १८२३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या रूपांतराच्या शीर्षकातच 'धार्ष्ट्य' हा शब्द होता. १९३१ च्या हॉलिवूडपटाने तर गुन्हेगाराच्या मेंदूची जोड देऊन प्रश्नच सोपा करून टाकला. अभ्यासक्रमात १८१८ ची संहिता नेमली आहे की १८३१ ची, याची चौकशीही न करता 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध कादंबरीवर लादला जातो. विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक पडण्याआधीच त्याचा निष्कर्ष तयार असतो.

एच. जी. वेल्सच्या 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' (१८९६) या कादंबरीबाबत हा निबंध अधिकच तोकडा पडतो. वेल्स हा टी. एच. हक्सलीचा विद्यार्थी. शस्त्रक्रियेने प्राण्याचा आकार किती बदलता येईल, याविषयी त्याने १८९५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता आणि त्यातील युक्तिवाद कादंबरीत त्याने मोरोच्याच तोंडी घातला. लेखकाचा स्वतःचा वैज्ञानिक विचार ज्याच्या मुखातून येतो, त्याला विज्ञानविरोधी बोधकथेतील राक्षस कसे म्हणता येईल? ब्रिटनमध्ये सजीवांवरील प्रयोगांना परवाना सक्तीचा करणारा कायदा १८७६ सालचा. मोरोला देशाबाहेर घालवते ते मात्र वृत्तपत्रीय बोभाट्याने. सहकारी वैज्ञानिक त्याची पाठराखण करीत नाहीत, तसा त्याच्याशी वादही घालत नाहीत. मग उरते ते एक बेट आणि मद्यपी माँटगोमेरी. 'हे कशासाठी?' असे विचारणारे तेथे कोणी नाही. प्रेंडिक विचारतो तेव्हा मोरो सविस्तर उत्तर देतो. पण वेदना हा शब्द आला की त्याला केवळ कंटाळा येतो.

'द इन्व्हिजिबल मॅन'मधील (१८९७) ग्रिफिनचे प्रकरण त्याहून केविलवाणे आहे. गरीब, एकाकी, आपले संशोधन प्राध्यापक चोरतील या धास्तीने ते प्रसिद्ध न करणारा हा तरुण. प्रयोगाच्या खर्चासाठी तो बापाकडचे पैसे चोरतो. ते पैसे बापाचे नसतात आणि बाप आत्महत्या करतो. आपले गुपित तो अखेर केम्प या जुन्या सहाध्यायाला सांगतो खरा, पण त्याला आपले संशोधन तपासून घ्यायचे नसते. दहशतीच्या राज्यासाठी साथीदार हवा असतो.

कोणतेही संशोधन प्रसिद्ध करावे आणि इतरांच्या परीक्षेला उतरवावे, हा विज्ञानाचा स्वतःचाच दंडक आहे. हे तिघेही आपापल्या परीने त्याच्या बाहेर पडले आहेत. व्हिक्टर व ग्रिफिन स्वेच्छेने, मोरो काहीसा ढकलला जाऊन. त्यांचे खलत्व ज्ञानाच्या अतिरेकात शोधण्यापेक्षा या तुटलेपणात शोधावे लागते. धनंजयाने 'दशरूपका'त प्रतिनायकाला धीरोद्धत म्हटले आहे. ते विशेषण मोरोला शोभेल, ग्रिफिनला मुळीच नाही. आपल्याकडील 'खलनायक' ही संज्ञा या दोघांना एकाच पंक्तीत बसवते, तेव्हा तीही जपूनच वापरलेली बरी.

ग्रिफिनच्या सांकेतिक लिपीतील तीन वह्या शेवटी कोणाकडे जातात, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. केम्पला त्या मिळत नाहीत. एकेकाळचा भटक्या मार्व्हल आता खानावळ चालवतो. रविवारी सकाळी आणि रोज रात्री दहानंतर दार लावून, कोणाला दिसू न देता, तो त्या उघडतो. काही पाने पाण्याने धुऊन गेली आहेत. उरलेल्यांतील एक अक्षरही त्याला उमगत नाही, तरीही तो त्या कोणाला देत नाही.