पडद्यावरचा सूड, गल्लीतला सूड

२००५च्या ‘एक अजनबी’मध्ये अमिताभ बच्चन अपहृत बालिकेसाठी बँकॉकमध्ये रक्ताचे पाट वाहवतो. ‘मॅन ऑन फायर’ची ही उसनवारी! अपहरणकर्ता परका, उद्धारकर्ता एकटा, टाळ्या हमखास.

सप्टेंबर २०१४मध्ये नागपूरने निराळेच पाहिले. शाळेतून परतलेला आठ वर्षांचा मुलगा दुचाकीवर निमूट बसला, कारण नेणाऱ्यांपैकी एक त्याच्या वडिलांकडे पूर्वी कामाला होता. त्याच दिवशी मुलाची हत्या झाली. सूड येथेही होता, पण तो गुन्हेगाराच्या मनात. जोडीला खंडणीचा लोभ. दोघांना २०१६मध्ये फाशी सुनावली गेली; २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, पंचवीस वर्षे सुटकेविना. खटल्यात महत्त्वाची ठरली ती मुलाला नेताना पाहणाऱ्यांची साक्ष. “कुठे निघालास, बाळा?” असे हटकणारे शेजारी आज किती गल्ल्यांत उरले आहेत?