शेजारणीची भाषा

गेल्या महिन्यांत सदाशिव पेठेंतील एका परिचित भगिनींच्या घरीं जाण्याचा आम्हांस योग आला. स्वयंपाकघरांतील फडताळाच्या दारावर, जेथें पूर्वीं दुधाचा हिशेब लिहिलेला असे, तेथें एक चिठ्ठी चिकटविलेली दिसली : "युक्सि, काक्सि, कोल्मे, नेल्यॅ, वीसि." हा कोणता मंत्र, असें विचारतां त्या हंसून म्हणाल्या, "मंत्र नव्हे, एक ते पांच! फिनिश शिकतें आहें."

वय वर्षें सदुसष्ट, आणि फिनिश! आमचें नवल पाहून त्यांनीं कारण सांगितलें. त्यांचे चिरंजीव सात वर्षें फिनलंडमध्यें, हेल्सिंकीनजीकच्या एस्पो शहरीं नोकरीस आहेत. गेल्या उन्हाळ्यांत या तेथें तीन महिने राहिल्या. शेजारीं एक वृद्ध बाई एकटीच राहत असे. एके दिवशीं ती स्वतः भाजलेले 'पुल्ला' घेऊन दाराशीं आली. पुल्ला म्हणजे वेलदोड्याची पूड घातलेला गोड पाव. "वेलदोड्याचा वास आला आणि मला आईचें स्वयंपाकघर आठवलें," त्या म्हणाल्या, "पण हें तिला सांगूं कसें? पांच वर्षांच्या नातवानें मध्यें पडून दोन शब्द सांगितले, आम्ही दोघी हंसलों, दार मिटलें. आभारसुद्धां मला पोराच्या तोंडून मानावे लागले!"

चिरंजिवांचें म्हणणें निराळें आहे. तेथें बहुतेकांस इंग्रजी येतें, कचेरींतील कामही इंग्रजींत चालतें. मग पंधरा विभक्तींच्या भाषेचा खटाटोप कशासाठीं? दिवसभर काम करून थकलेल्या माणसाचें हें बोलणें अगदींच चुकीचें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु हेंच वाक्य आम्हीं पुण्यांत अनेकदां ऐकलें आहे. फक्त बोलणारे निराळे असतात. 'वरच्या मजल्यावरचें बिऱ्हाड दहा वर्षें पुण्यांत आहे, पण मराठीचा एक शब्द येत नाहीं,' ही तक्रार आमच्या वाचकांपैकीं कोणीं केली नसेल? जो नियम आपण पुण्यास आलेल्यांस लावतों, तोच परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांस लावावयास नको काय?

बरें, ही भाषा मराठी माणसास वाटते तितकी परकी नाहीं. तिचें कुळ आपल्या भाषांच्या कुळाहून वेगळें असलें, तरी विभक्तिप्रत्ययांची आपणांस लहानपणापासून संवय आहे. 'तालो' म्हणजे घर. 'तालोस्सा' म्हणजे घरांत आणि 'तालोस्ता' म्हणजे घरांतून. इंग्रजींत यासाठीं शब्दाच्या आधीं वेगळे शब्द जोडावे लागतात; फिनिश व मराठी दोन्ही भाषा शब्दाच्या शेवटीं प्रत्यय लावून मोकळ्या होतात. 'मला एक मूल आहे' असें आपण म्हणतों. फिनिश माणूसही 'माझ्यापाशीं मूल आहे' अशाच धर्तीवर 'मिनुल्ला ओन लाप्सि' म्हणतो. प्रश्न विचारतांना आपण शेवटीं 'का' लावतों, ते क्रियापदासच 'को' जोडतात : 'पुहुत्को सुओमेआ?' म्हणजे 'फिनिश बोलतां का?' शंभरास ते 'सता' म्हणतात आणि हातोड्यास 'वासारा'. हे आपल्या 'शत' व 'वज्र' यांचेच दूरचे भाऊ असून, सहस्रावधि वर्षांपूर्वीं इंडो-इराणी भाषिकांकडून त्यांच्या पूर्वजांनीं घेतलेले शब्द आहेत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात.

अडचणी दोन आहेत. पहिली ऱ्हस्व-दीर्घाची. 'तुलि' म्हणजे आग, 'तूलि' म्हणजे वारा आणि 'तुल्लि' म्हणजे जकात. उच्चारांत हयगय झाली, तर वाऱ्याऐवजीं आग लागावयाची! दुसरी अडचण अशी कीं, पुस्तकांतील भाषा व बोलण्यांतील भाषा यांत बरेंच अंतर आहे. 'मी आहें' हें पुस्तकांत 'मिनॅ ओलेन', पण हेल्सिंकीच्या रस्त्यांत 'मॅ ओओन'. म्हणून पुस्तकासोबत कानही तयार करावा लागतो. तेथील सरकारी नभोवाणी सोप्या फिनिशमध्यें बातम्या देते, त्या येथें बसूनही ऐकतां येतात. या भगिनी त्या रोज ऐकतात आणि आठवड्यांतून दोनदां संगणकावर एका शिक्षिकेकडून धडे घेतात.

नातू फिनिश बोलूं लागला तर मराठी विसरेल, अशीही भीति कांहीं घरांत असते. तिला फिनिश भाषेचा इतिहासच उत्तर देतो. त्या देशांत शतकानुशतकें शिक्षण व कारभार स्वीडिश भाषेंत चाले. फिनिश ही शेतकऱ्यांची घरगुती बोली समजली जाई. मुंबईस मोल्सवर्थचा मराठी कोश प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं, १८३१ सालीं, तेथें फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली. १८३५ त लोनरोट नांवाच्या डॉक्टरानें लोकगीतें जमवून 'कालेवाला' हें महाकाव्य प्रसिद्ध केलें, आणि १८६३ त रशियाच्या झारानें कारभारांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचें स्थान देण्याची आज्ञा काढली. ज्यांच्या घरांत ती बोलली गेली, त्यांनींच ती राखली. नातवाची मराठीही आजीच्या बोलण्यानेंच राहील. फिनिश शेजाऱ्याशीं अबोला धरून नव्हे.

तेथें कायमचें राहूं इच्छिणारास नागरिकत्वासाठीं सामान्यतः फिनिश वा स्वीडिश येत असल्याचें दाखवावें लागतें. परंतु थोडे दिवस पाहुणे म्हणून जाणारास एवढें पुरे : भेटतांना 'मोई', आभारास 'कीतोस', चुकल्यास 'आन्तेएक्सि', वीसपर्यंत अंक, आणि 'पुहुन वॅहॅन सुओमेआ', म्हणजे 'मी थोडी फिनिश बोलतें.' 'कृपया' यासाठीं त्यांच्याकडे वेगळा शब्द नाहीं. 'कॉफी, कीतोस' म्हटलें कीं विनंती व आभार दोन्ही साधतात. आपल्या घरांतही 'जरा पाणी द्या' यांतील 'जरा'च तें काम करीत आला आहे.

एक गोष्ट मात्र या भगिनींनीं आम्हांस सांगितली, ती मनास लागून राहिली. आपण दोन शब्द अडखळत बोललों कीं तेथील माणूस चांगुलपणानें लगेच इंग्रजीकडे वळतो, आणि शिकणाराचें शिकणें तेथेंच थांबतें. आम्हीही पुण्यांत हेंच करीत नाहीं काय? वरच्या बिऱ्हाडांतील बाई मोडक्या मराठींत कांहीं विचारते, आणि आपण तत्काळ हिंदींत उत्तर देतों. त्यांना मराठी येत नाहीं, यांत आपलाही वांटा आहे.

या भगिनी येत्या वैशाखांत पुन्हां एस्पोस जाणार आहेत. या खेपेस पुल्ल्याच्या बदल्यांत वेलदोडा घातलेले बेसनलाडू न्यावयाचे, आणि तें वाक्य स्वतःच्या तोंडून म्हणावयाचें, असा त्यांचा निश्चय आहे. तोंवर आमच्या वाचकभगिनींनीं आपल्या जिन्यावर एवढें करावें : उद्यां वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनें मराठींत सुरुवात केली, तर उत्तर मराठींतच, सावकाश, द्यावें.