बिअरची बाटली आणि पहाटेची बोट



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. जेटीवर रंगाची, इंजिनाची, जाळ्यांची कामे चालू आहेत, खलाशी गावाहून परत यायला लागलेत. अशा वेळी एक विषय काढतोय, काहींना रुचणार नाही. विषय बिअरचा.

कोणी फेणी ढोसून बोटीवर चढला तर तांडेल ओरडतो. बिअरला मात्र कोणी काही बोलत नाही. "बिअर म्हणजे काय दारू?" असे आपल्याकडे शिकलेलेसुद्धा म्हणतात. तर एकदा हिशेब करूया, मासळीचा करतो तसा.

स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत म्हणजे ५२ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, तिच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात निघते साधारण २६. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली हे दोन मोठे पेग झाले. ५ टक्क्यांची माइल्डसुद्धा एका पेगाच्या वरच जाते.

पुढचे ऐका. शरीर तासाला साधारण १० मिलिलिटर अल्कोहोल जिरवते. थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा, लिंबू, कशानेही हा वेग वाढत नाही. तांडेलाने रात्री आठला सुरुवात करून दोन स्ट्राँग बाटल्या घेतल्या आणि झोपला. पहाटे चारला बोट सुटते तेव्हा जवळजवळ एक मोठा पेग अजून त्याच्या अंगात आहे. त्याला वाटते उतरली. रस्त्यावर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर स्कूटरवाल्यावरही खटला होतो. हा माणूस बहुधा त्यात सापडेल. पण समुद्रात नाका नाही, आणि त्याच्या हाताखाली आठ-दहा माणसे आहेत.

बोटीवरचे काम सगळ्यांना ठाऊक आहे. विंच फिरत असते, वायर ताणलेली असते, फळी ओली असते. तिथे पाय अर्धा क्षण उशिरा हलला तरी पुरते. बिअरने लघवी वारंवार लागते, माणूस रात्री अंधारात बोटीच्या काठावर एकटा उभा राहतो, लाइफ जॅकेट आत टांगलेले. पडला तर कोणाला पत्ता नाही. आणि अपघात विम्यात नशेत झालेल्या अपघाताला भरपाई नाही अशी अट साधारणपणे असतेच. घरी बायको-पोरांच्या हातात मग काय राहते, ते सांगायला नको.

आता मालकांना. बांगडे चांगले लागले की बिअरचा खोका आणायचा, ही रीत आपणच पाडली. खलाशी खूष, खर्च थोडा. पण तो खोका खलाशाच्या घरी पोचत नाही, ओडिशा-झारखंडातल्या त्याच्या आईच्या कामाला येत नाही. तेवढेच पैसे रोख द्या, नाहीतर त्याच्या खात्यात टाका. उचल बारमध्ये जाते म्हणून खलाशाला शिव्या घालणारे मालक आम्ही पाहिलेत. खोका आणणारेही बहुतेक तेच असतात.

"बिअर दिली नाही तर खलाशी दुसऱ्या बोटीवर जातात" हे उत्तर आम्हाला पाठ आहे. त्यात खोटे नाही. म्हणूनच एकट्या मालकाने ठरवून उपयोग नाही, सगळ्या जेटीने मिळून ठरवावे लागेल. बोटीवर बाटली नाही, आणि पहाटे निघायचे असेल तर आदल्या संध्याकाळी तांडेल आणि विंचवाला यांनी अजिबात घ्यायची नाही. बंदरात परत आल्यावर, सुट्टीच्या दिवशी कोणी काय घ्यावे यात संस्था पडत नाही. उपदेश करायला आम्ही भटजी नाही. (रिकाम्या बाटल्या मात्र पाण्यात फेकू नका, रांपण ओढणारे अनवाणी असतात.)

हा विषय येत्या सभेत ठेवतोय. ज्यांना पटत नाही त्यांनी सभेला येऊन तोंडावर सांगावे, खाली नुसते हसरे चेहरे टाकून नको.