जुनी दमदार गाडी घेताना : आधी पत्रा, मग इंजिन

"तीन लाख रुपये आहेत. जुनी पण पळणारी गाडी घ्यायची आहे आणि तिच्यावर थोडे काम करायचे आहे. कोणती घेऊ?" हा प्रश्न आम्हाला अलीकडे वरचेवर विचारला जातो. विचारणारा बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा असतो. एखादा एसी दुरुस्तीचे काम करतो, एखादा वडिलांच्या दुकानावर बसतो, एखादा आखाती देशात दोन-तीन वर्षे राबून आलेला असतो. पैसा घामाचा असतो, आणि घरी बहिणीचे लग्न, खोलीची डागडुजी अशी दुसरी कामे त्याच पैशाकडे डोळे लावून असतात. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेणे आम्हाला योग्य वाटत नाही. शौक करू नका असे सांगणारी वडीलधारी मंडळी घरोघरी आहेत. शौक करताना पैसा नेमका कुठे बुडतो हे सांगणारे मात्र फार थोडे.

पहिली चूक अशी की जो तो अश्वशक्तीचा आकडा विचारतो. आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. मारुती एस्टीम १९९४ साली बाजारात आली. पुढे इंजेक्शनवर गेलेल्या तिच्या १.३ लिटर इंजिनाची ताकद ८५ अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. २०१३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयची ताकद १०५ अश्वशक्ती, पण वजन अकराशे किलोच्या घरात. भागाकार करून पाहा. दोघींच्या वाट्याला टनामागे जवळपास सारखीच ताकद येते. टर्बोमुळे पोलो इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच जोर धरते, म्हणून चालवणाऱ्याला ती फार तगडी वाटते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु हलकी गाडी लवकर थांबते, टायर कमी खाते आणि वळणावर कमी फेकते. हा फायदा जाहिरातीत छापत नाहीत.

दुसरी चूक नावाला भुलण्याची. २००० साली आलेल्या होंडा सिटी व्हीटेकचे १.५ लिटरचे इंजिन १०६ अश्वशक्ती देत असे. जुन्या शौकिनांपुढे आजही तिचे नाव काढले की त्यांचे डोळे चमकतात, आणि ते उगीच नाही. पण ते मॉडेल २००३ मध्ये बंद झाले. आज त्यातली प्रत्येक गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे. जी खरोखर चांगली राहिली आहे तिचा मालक ती विकत नाही, आणि जो विकतो तो नावाचे पैसे मागतो. फियाट पालिओ १.६ जीटीएक्सचेही तसेच. शंभर अश्वशक्तीची ही गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती, त्यामुळे मुंबईकरांना तिच्याबद्दल थोडे घरचे प्रेम आहे. आम्हालाही आहे. पण फियाटने २०१९ मध्ये भारतातील मोटारविक्री आवरती घेतली, आणि आज तिचा एखादा पंप किंवा सेन्सर शोधायला निघालात तर अख्खा आठवडा फोनवर जातो. फोर्ड आयकॉन १.६ मजबूत गाडी होती. फोर्डनेही २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. सुटे भाग अजून मिळतात, पण दरवर्षी शोधाशोध वाढतच जाणार.

पोलो जीटी टीएसआयची गोष्ट निराळी. ती चाकणची, तुलनेने नवी, आणि टर्बो असल्यामुळे संगणकातील आज्ञावली बदलली की ताकद डोळ्यांत भरण्याइतकी वाढते. बिगर टर्बो इंजिनात तोच खर्च केला तर हाती फार थोडे लागते. एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून आवाज मात्र दुप्पट होतो. मग पोलो का नको? कारण तिच्या सात गिअरच्या, कोरड्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समुळे. त्याचा मेंदू म्हणावा असा जो मेकॅट्रॉनिक भाग असतो, तो बिघडला तर दुरुस्ती गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडते. शहराच्या खोळंब्यात दहा वर्षे तापलेल्या त्या गिअरबॉक्सवर इंजिनाचा जोर आणखी वाढवणे म्हणजे दम्याच्या माणसाला डोंगर चढायला लावणे होय. ज्याच्याकडे दुसरे दोन लाख राखीव आहेत त्याने खुशाल घ्यावी. आमच्याकडे येणाऱ्यांकडे ते नसतात.

तेव्हा आमचे मत विचाराल तर २००५ ते २०१० मधील १.३ लिटर पेट्रोल स्विफ्ट. ८७ अश्वशक्ती, साधा गिअरबॉक्स, जेमतेम हजार किलो वजन. मोहल्ल्यातल्या कुठल्याही मेकॅनिकने ते इंजिन दहा वेळा उघडलेले असते. त्याच घराण्याच्या एस्टीमने देशातील रॅलींमध्ये वर्षानुवर्षे माती खाल्ली आहे, आणि कोइम्बतूरच्या एलजीबी फॉर्म्युला रेसिंग गाड्यांतही मारुतीचेच १.३ लिटर इंजिन बसवलेले असते. म्हणजे या इंजिनाकडून काय काम घेता येते हे पुरेसे सिद्ध झाले आहे. मित्रांमध्ये मिरवायला ती फारशी उपयोगाची नाही, हे कबूल. पण जिचा क्लच सकाळी जळाला तर संध्याकाळपर्यंत दुकानातून मिळतो, ती गाडी रस्त्यावर दिसते. बाकीच्या गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खातात.

आता गाडी पाहण्याविषयी. इंजिन खराब असेल तर ते पैशाने सुधारते. हेडचे काम, पिस्टन-रिंग, सगळ्याचा दर ठरलेला आहे. सांगाडा वाकला असेल किंवा पत्रा सडला असेल तर पैसा ओतूनही गाडी सरळ धावत नाही. म्हणून आधी पत्रा पाहावा. बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकाभोवतीचा पत्रा तपासावा. तिथे नव्याने केलेले वेल्डिंग, चिरा किंवा घाईने मारलेला रंग दिसला तर पुढे बोलूच नये. दाराचे व बोनेटचे बोल्ट खोलल्याच्या खुणा पाहाव्यात. मॅट उचलून पायाखालची जमीन, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, दाराच्या खालची कड बोटाने चाचपावी. कोकण किनाऱ्यावरील गाडीत खाऱ्या हवेचे काम इथेच चालते. वरून रंग आरशासारखा आणि आतून पत्रा पापडासारखा, अशा गाड्या आम्ही कितीतरी पाहिल्या.

पुरात बुडालेली गाडी तर आणखी फसवी. २००५ च्या जुलैमध्ये मुंबईत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला किती मोटारी पाण्याखाली गेल्या हे सर्वांनी पाहिले. त्यातल्या सगळ्याच भंगारात गेल्या असे कोणी समजू नये. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने अशीच एक चकचकीत गाडी एका दलालाकडे पसंत केली होती आणि बयाणा खिशात घेऊन तो आम्हाला बोलवायला आला. आम्ही इंजिनाला हात लावला नाही. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर भागावर पिवळ्या गाळाची स्पष्ट रेघ होती. दलाल म्हणाला, मुलांनी चहा सांडला असेल. बयाणा वाचला, पण तो मुलगा अजून आमच्यावर थोडा नाराज आहे. गाडीचा रंग त्याला फार आवडला होता.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा आहे, पण तोट्याची खरी मेख तिथेच आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजारांवर गेले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आम्ही सुचवलेल्या स्विफ्टलाही हा हिशेब लागू आहे. म्हणून जिचे पुन्हा पासिंग झालेले आहे अशीच गाडी पाहावी, आणि न झालेली घ्यायची असेल तर तेवढे पैसे किमतीतून वजा करून घ्यावेत. दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते कारण तिथे जुन्या गाड्यांवर वयाचे निर्बंध आले. ती घेण्यात गैर काही नाही. मात्र तिथल्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ व ३० वर विकणाऱ्याची सही, कर्ज फिटले असल्यास फॉर्म ३५, आणि चेसिस व इंजिनाचे नंबर स्वतः टॉर्च लावून वाचणे, एवढे झालेच पाहिजे.

फेरफाराचा कायदा तर अनेक गॅरेजवाल्यांनाही नीट ठाऊक नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत नोंदणीपुस्तकाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन परवानगीवाचून बसवणे हा सरळ यातला गुन्हा. बलेनोचे १.६ इंजिन एस्टीममध्ये छान बसते, हे आम्हाला माहीत आहे. ते बसवून देतो म्हणणारा मेकॅनिक अपघातानंतर विमा कंपनीच्या माणसासमोर उभा राहणार आहे का, हे त्याला आधी विचारावे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा फेटाळायला पुरेसा होतो, आणि समोरचा माणूस जखमी झाला असेल तर भरपाईचा बोजा घरादारावर येऊ शकतो.

मग करायचे तरी काय? तीन लाखांतली गाडी दीड ते पावणेदोन लाखांच्या वर जाऊ देऊ नये. उरलेल्यातून आधी टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चारी शॉकअप, खालचे बुश, इंजिन माउंटिंग, रेडिएटर. पेट्रोलच्या रबरी नळ्या व फिल्टरही नवे घालावेत, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. या कामांनी गाडी किती बदलते यावर विश्वास बसत नाही. थकलेल्या गाडीची तिच्या मूळ ताकदीशी ओळख करून देणे हीच पहिली सुधारणा होय. वेगाची हौस फेडायला आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, चेन्नई व कोइम्बतूरला ट्रॅक आहेत. पाम बीच रोडवर रात्री दोन वाजता जे चालते त्यात आम्हाला शौक दिसत नाही. आणि व्याजाने पैसे उचलून यात पडणाऱ्याला आमच्याकडे काहीच सल्ला नाही. आज घेतलेली जुनी गाडी उद्या उतरत्या भावाची, तिच्यावर हप्ता कसला भरता?

दोन शब्द आपल्या गॅरेजवाल्या बंधूंसाठी. या धंद्यात आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हातात कसब आहे, आणि गिऱ्हाईक "उस्ताद" म्हणून हाक मारते ते भरवशाने. तरीही बिल नसलेला, कुठून आला ते न विचारलेला भाग स्वस्तात बसवून देण्याची सवय सुटत नाही. मेरठच्या सोतीगंजचा जुन्या भागांचा बाजार चोरीच्या गाड्यांच्या प्रकरणांमुळे २०२१ च्या डिसेंबरात बंद पडला, तेव्हा प्रामाणिक दुकानदारांचीही शटर त्याच दिवशी खाली आली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इतर कुठे ती पाळी येऊ नये असे वाटत असेल तर पक्क्या बिलाचा आग्रह आपण धरला पाहिजे. जे काम बेकायदा आहे ते "होत नाही" असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितले पाहिजे. एक काम जाईल. तोच मुलगा ब्रेकच्या कामाला परत येतो, हा आमचा अनुभव आहे.

आणि गाडी घेणाऱ्यांनी एवढे करावे. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आपण पोहोचण्याआधी मालकाने ती चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सोबत आपला मेकॅनिक न्यावा आणि त्याच्या वेळेचे पाचशे-हजार रुपये त्याला आपल्या खिशातून द्यावेत. फुकट येणाऱ्याची मजुरी बहुधा विकणारा देत असतो. मेकॅनिकने सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले तर चारी आकडे कागदावर लिहून घ्यावेत, खाली तारीख टाकावी आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवावा.