थीम पार्टी कुणासाठी?

मित्रांनो, मागच्या मॅचला आपण 'ब्राझील नाईट' केली. पिवळी जर्सी कंपल्सरी, वर नान-खलियासाठी दोनशे रुपये काँट्रिब्युशन. धमाल आली, पण माझा रूम पार्टनर "सबमिशन आहे" म्हणून रूमवरच बसला. सबमिशन नव्हतं, हे मला माहीत होतं. मीही काही बोललो नाही, गेलो नाचायला.

थीम हवीच, पण ब्राझीलच कशाला? आपलं कोल्हापूर बघा. तिथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल संघ उभे केले. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार... शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही कोल्हापूरचाच!

मग आपली थीम 'पेठ नाईट' करू. प्रत्येक विंग म्हणजे एक पेठ. झेंडे जुन्या पेपरचे, टीव्हीचा आवाज बंद आणि कॉमेंट्री आपली, मराठीत. हाफटाईमला पंधरा मिनिटांत भेळ, ज्याच्याकडे जे असेल ते घालून. शिट्टी मेसच्या काकांच्या हातात!

जर्सी नसली तरी चालेल, पण रूमवर कुणी एकटा बसलेला नको. बघा, पटतंय का!